ड्युटीवाल्याची जागा

आमचे मामाजी वारले असं त्यांच्या मंडळातलं कोणी म्हणत नाही. "ड्युटीवर गेले" म्हणतात. नवखा माणूस ऐकून हळहळतो, त्याला वाटतं म्हाताऱ्या मित्रांची ही हळवी भाषा असेल. हळवी वगैरे काही नाही हो. ती त्या मंडळाची रोजच्या कामाची भाषा आहे. ती समजायची तर आधी मामाजी समजायला हवेत, आणि ते समजावून सांगायला माझ्याइतका नालायक माणूस दुसरा नाही, कारण मला ताल कळत नाही. हे मी नम्रपणाने म्हणत नाहीये. त्यांनी स्वतः तपासून सांगितलं होतं.

मामाजी म्हणजे आमच्या हिचे वडील. आमच्या गोंदिया-भंडाऱ्याकडच्या घरांत सासऱ्याला मामाजी म्हणतात आणि सासूला आत्याबाई. मुलगी पाहायला म्हणून मी भिलाईला त्यांच्या सेक्टरमधल्या क्वार्टरवर गेलो, तेव्हा पोहे झाल्यावर माझ्या काकांनी माझी दुर्गच्या बँकेतली नोकरी सांगायला घसा साफ केला. मामाजींनी हात वर करून त्यांना अडवलं आणि मला म्हणाले,

"टाळी वाजवा."

"जी?"

"टाळी. मी खंजिरी वाजवतो, तुमी टाळी वाजवा."

मी वाजवली. आजही आठवलं की कान गरम होतात. चार टाळ्यांतच मी कुठे आणि खंजिरी कुठे. घाबरून मी हात जोडून थांबलो, की मामाजी पुन्हा कुठून सुरू करतात ते पाहून मग घुसू. त्यांनी खंजिरी खाली ठेवली आणि आतल्या दाराकडे तोंड करून निकाल दिला, "मात्रा कच्ची हाय. पन मानूस थांबते. चालते!"

अशा रीतीने माझं लग्न ठरलं. काकांचा घसा तसाच साफ राहिला.

'मानूस थांबते' हे त्यांच्या लेखी केवढं मोठं सर्टिफिकेट होतं, ते मला लग्नाच्या फोटोत कळलं. मांडवात सगळे ओळीने उभे, आणि आत्याबाई अन् माझा मेहुणा यांच्या मधे एक माणूस मावेल एवढी फट. फोटोग्राफर ओरडून थकला, "भैया, थोडा सरकिए! बीच में जगह है!" कोणी हललं नाही. मामाजी म्हणाले, "थे साहूजीची जागा हाय. थो सेकंड शिफ्टले हाय." तो फोटो आजही आमच्या दिवाणखान्यात आहे. पाहुणे विचारतात, इथून कोणाला कापलंय का? मी सांगतो, नाही, इथे कोणीतरी आहे.

तर मंडळ. भोंगा भजनी मंडळ. माणसं चार, चौघंही भिलाईच्या पोलाद प्लांटमधले. मामाजी इलेक्ट्रिशियन, हातात खंजिरी. तुणतुण्यावर डोमाजी, आमच्याच तिकडचे, चौघांत लहान. मांदरवर, म्हणजे इकडच्या मातीच्या ढोलावर, साहूजी, इथले अस्सल छत्तीसगढी. आणि पेटीवर राव, ज्यांनी सगळी मराठी भजनं तेलुगू अक्षरांत उतरवून घेतली होती आणि जे ती आमच्यापेक्षा शुद्ध म्हणत.

आता भजनी मंडळ म्हटल्यावर तुमच्या कानांत जे वाजायला लागलं असेल, ते बंद करा. हे तसलं नव्हतं. मामाजींनी डोमाजीच्या तुणतुण्याला टेलिफोनच्या रिसिव्हरमधली चकती चिकटवली होती आणि तिची वायर एका जुन्या रेडिओत घातली होती. रेडिओचा आवाज सोडला होता तेलाच्या रिकाम्या लोखंडी ड्रममध्ये, आणि माईक होता ड्रमच्या दुसऱ्या तोंडाशी. त्यातून जो आवाज निघे त्याला काय म्हणावं? विहिरीत मधमाश्यांचं पोळं पडावं आणि मधमाश्यांनी बुडता बुडता अभंग म्हणावा, तसं काहीतरी. वर साहूजींचा मांदर. आणि वाजवताना चौघांच्याही डोळ्यांना निळे चष्मे. भट्टीतलं वितळलेलं लोखंड पाहायला वापरतात ना, त्या निळ्या काचेचे.

"मामाजी, भजनाला चष्मा कावून?" मी एकदा विचारलं. त्यांच्या घरी राहून राहून माझीही भाषा मूळपदावर यायची.

"यातून पाह्यलं का बायको बी शांत दिसते," ते म्हणाले. आत्याबाई तिथेच तांदूळ निवडत होत्या. त्यांनी चष्मा मागून घेतला, डोळ्यांना लावला, नवऱ्याकडे नीट पाहिलं आणि परत दिला. "काई फरक नाई पडत," म्हणाल्या.

पण या मंडळाचं नाव झालं ते आवाजाने नाही, चष्म्याने नाही. नाव झालं ते न वाजवण्याने.

भट्टीला रविवार नसतो. चौघांच्या शिफ्ट वेगळ्या, सुट्ट्या वेगळ्या. शनिवारी संध्याकाळी सातला भजन म्हणजे सातलाच, आणि दर शनिवारी चौघांतला कोणी ना कोणी प्लांटमध्ये असायचाच. दुसरं कोणी असतं तर बदली माणूस घेतला असता. मामाजींनी नियम केला: ड्युटीवाल्याची जागा भरायची नाही. प्रत्येक कडव्यानंतर एकेकाने एकट्याने वाजवायची जागा असे. गैरहजर माणसाची जागा आली की उरलेले तिघं एकदम थांबत, मनात मात्रा मोजत, आणि जागा संपली की तिघं एकाच क्षणी परत उठत. मधे नुसता ड्रमचा घुमारा. आणि नियमाचा दुसरा अर्धा भाग असा, की जो ड्युटीवर असेल त्यानेही सातला घड्याळ पाहून गाणं मनात सुरू करायचं, आणि आपली जागा आली की हाताशी असेल त्यावर वाजवायची. कठड्यावर, डब्याच्या झाकणावर, हेल्मेटवर.

"म्हणजे बाजा पूरा असते," मामाजी म्हणत. "फक्त एका जागी नसते."

मी बँकेतला माणूस. दोन ठिकाणचे हिशेब एका क्षणी जुळत नसतात, हे मला पगार घेऊन माहीत होतं. तसं मी बोलूनही दाखवलं. ते म्हणाले, "तुमी झोपले का घोरता ना जवाईबापू? तुमाले आयकू येते का? नाई. पन पोरगी मले सांगते, बरोब्बर चालू असते."

मग मी विषय बदलला.

या थांबण्यावर इंजिनिअरिंगची पोरं वेडी झाली. डोळे मिटून डोलायची, निळे चष्मे लावून यायची. कोणीतरी टेप केलेल्या कॅसेटी होस्टेलांतून फिरायच्या, पुढे त्या मोबाईलवर चढल्या आणि कुठल्या कुठे गेल्या. मामाजींना त्याचं काही नव्हतं. ते रिटायर झाले, वैशाली नगरात छोटं घर बांधलं, ड्रम टेंपोतून नवरीसारखा मिरवत नेला आणि शनिवार चालू ठेवला.

आणि अशातच एका दुपारी रिद्धी आली.

दुर्गच्या रेल्वेवाल्या घरातली मुलगी, पुण्याला सिनेमा शिकलेली, बरोबर रायपूरचा एक जाडजूड, झोपाळू साउंडवाला. तिला भोंगा मंडळावर माहितीपट करायचा होता. पहिल्या कॅसेटपासून आजपर्यंत, पूर्ण! माझी बायको आनंदाने रडायला लागली. मी ताबडतोब बँकेत रजा टाकली आणि 'प्रॉडक्शन'ला लागलो, म्हणजे चहा आणायला. माझीही मुलाखत घेतली गेली. बराच वेळ बोललो मी, घरातला कथेकरी ना! सिनेमात माझा डावा खांदा आहे. हलतोसुद्धा.

रिद्धी मामाजींना म्हणाली, "आबाजी, तुमच्या म्युझिकला आज साइकेडेलिक फोक म्हणतात."

"म्हंजे?"

"म्हणजे ऐकताना डोकं गरगरतं. रंग दिसतात. आपण कुठे आहोत कळत नाही."

"थे तं भट्टीजवळ रोज होते."

"आणि मधे जे थांबता ना तुम्ही, ते मौन! लोकांनी लिहिलंय त्यावर. ते शून्य आहे, हो ना?"

मामाजींनी तिच्याकडे कौतुकाने पाहिलं. "नाई बाई. थे डोमाजीची सेकंड शिफ्ट हाय."

आम्ही हसलो. पोरगी मात्र हुशार. हसता हसता तिने विचारलं, "मग चौघं एकत्र कधी वाजवलंत?"

कॅमेरा चालू होता, म्हणून सिनेमात तो क्षण आहे. मामाजी आत्याबाईंकडे पाहतात. आत्याबाई मान हलवतात. इतक्या वर्षांत एकदाही नाही! एक रिटायर झाला तरी दुसरा होताच ड्युटीवर, आणि शेवटी उरलेल्या डोमाजीची तर शनिवारी कायम सेकंड शिफ्ट. आणि त्याच महिन्यात डोमाजी, शेवटचा, रिटायर होत होता. आता चौघंही मोकळे. पण राव क्वार्टर सोडून विशाखापट्टणमला मुलाकडे निघाले होते, सामान बांधून झालं होतं, तिकीट खिशात होतं. मधे शनिवार उरला होता एकच.

मामाजी खुर्चीतून उठलेच. "मले पूरा बाजा आयकायचा हाय," ते म्हणाले. "एकदा. मरायच्या आंधी आयकायचा हाय मले."

मग काय सांगू! तो आठवडा आमच्या घरात लग्न असल्यासारखा गेला. मामाजींनी ड्रम आतून घासून घेतला, म्हणजे माझ्याकडून. मी ड्रममध्ये कमरेपर्यंत वाकलेला आणि बाहेरून ते बोट आपटून विचारत, "आवाज कसा येते?" मला त्यानंतर दोन दिवस सगळं जग घुमत होतं, त्या अर्थाने साइकेडेलिक झालेला घरातला मी पहिला. डोमाजी बोरसीहून रोज सायकलवर येऊन तार बदलून जाई. मामाजी रात्री झोपेत खंजिरी वाजवत आणि आत्याबाई उशी त्यांच्या हाताखाली सरकवून ठेवत, म्हणजे निदान शेजारी जागे होऊ नयेत.

शनिवार आला. अंगणात सतरंजी, सतरंजीवर चौघं. पहिल्यांदा चौघं! गल्ली भरली. केस पिकलेली इंजिनिअरिंगची पोरं निळे चष्मे शोधून घेऊन आली होती. साउंडवाल्याने चौघांच्या कुर्त्यांत आतून छोटे बिनतारी माईक चिमटले. मामाजींनी मला जवळ बोलावलं. "जवाईबापू, तुमी समोर बसा. चुकलं तं सांगा."

मला! तालातली चूक! तेव्हा कळलं, माणूस किती घाबरलाय ते.

सात वाजले. तुणतुणं बोललं, मांदर उठला, अंगावर काटा आला. पहिलं कडवं झालं आणि आली डोमाजीची जागा. तिघं सवयीने थांबले. डोमाजीने पाहिलं, तिघं थांबलेत. आणि तिघं थांबले म्हणजे कोणीतरी ड्युटीवर आहे, एवढंच त्याच्या हातांना ठाऊक. तोही थांबला. चौघं थांबलेले. ड्रम नुसता हूं हूं करत होता. गर्दीतून कोणी "वाह!" म्हणालं.

"वाह काय वाह!" मामाजी उसळले. "डोम्या, वाजव ना बे! तू रिटायर झाला ना!"

"मले काय मालूम! मले वाटलं राव नाई हाय!"

"मैं इधरीच हूँ ना, बाबू!" राव पेटीमागून म्हणाले.

दुसऱ्यांदा सुरू केलं. यावेळी थांबायचं नाही असं ठरवून चौघं वाजवायला लागले आणि कोणी म्हणजे कोणी थांबेना. गाणं उतारावरच्या ट्रॉलीसारखं सुटलं. मांदर पुढे, त्याच्या मागे पेटी, पेटीला गाठायला तुणतुणं, आणि मामाजी खंजिरी बडवत सगळ्यांच्या मागून, बस चुकलेल्या माणसासारखे. भजन अर्ध्या वेळात संपलं. साहूजी घाम पुसत म्हणाले, "भइया, का होगे?" गल्ली पायाकडे पाहत होती. रिद्धीने ओठ दाताखाली धरला होता. मामाजी माझ्याकडे पाहत होते, मी सांगावं म्हणून. आणि मलासुद्धा कळलं होतं.

बोलल्या त्या आत्याबाई, दारात उभ्या राहून. "पैले तुमचं गानं दम घेत होतं. एक जन नसे, म्हून बाकीचे आयकत. आता कोनी कोनाचं आयकूनच नाई राह्यलं."

मामाजींनी खंजिरीकडे पाहिलं. मग उठले. खंजिरी सतरंजीवर ठेवली, आत गेले, आणि बाहेर आले तेव्हा हातात प्लांटचा जुना जेवणाचा डबा होता. तोच, कोपरा चेपलेला.

"कुठं चाललात?" माझी बायको म्हणाली.

"ड्युटीले."

"आबाजी!" रिद्धी कॅमेऱ्यामागून धावत आली. "फिल्म तुमच्यावर आहे! तुम्हीच गेलात तर मी दाखवू काय?"

"जागा दाखव," मामाजी म्हणाले. "सोडली ना मी."

"पण तुम्हाला पूर्ण बाजा ऐकायचा होता ना!"

ते फाटकापाशी थांबले. पाठमोरेच म्हणाले, "बाजा बिघडवून आयकू का?" आणि गेले. साउंडवाला मागून ओरडला, "सर, माइक! माइक तो..." पण त्याचं कोण ऐकतं? सगळ्यांचे डोळे सतरंजीवरच्या त्या मोकळ्या चौकोनावर होते.

डोमाजीने तार छेडली. आणि काय वाजले ते तिघं! काय वाजले! पहिल्या कडव्यानंतर मामाजींची जागा आली आणि तिघं असे थांबले, की अख्खा मोहल्ला श्वास रोखून थांबला. मोजलं, मोजलं, आणि तिघं एका क्षणी उठले, तेव्हा माझ्या शेजारचा टक्कल पडलेला इंजिनिअर मोठ्याने रडायला लागला. मी त्याला रुमाल दिला. मग लक्षात आलं की मलाही लागतोय. त्याच्याच बाहीला पुसलं.

गाणं संपल्यावर मामाजी परत आले. डब्यात कोपऱ्यावरच्या ठेल्यावरची भजी. "कसं झालं?" विचारलं. आम्ही सांगितलं. त्यांनी मान हलवली, भजी वाटली. पुन्हा वाजवायचा प्रश्नच नव्हता. डोमाजीची तार त्या गाण्यात तुटली होती, आणि सकाळी राव गाडीत बसले. रिद्धी जाताना माझ्या बायकोच्या गळ्यात पडली. तिच्या सिनेमाला त्याचा सर्वात मोठा क्षण मिळाला होता आणि त्यात तिचा हिरो नव्हता. मला वाईट वाटत होतं ते मामाजींचं. आयुष्यभर जो बाजा पुरा असते म्हणून सांगितलं, तो त्यांनी स्वतः काही ऐकला नाही.

सिनेमा पुरा व्हायला बरेच महिने गेले. दुर्गच्या एका हॉलमध्ये पहिला खेळ. राव विशाखापट्टणमहून आले. मामाजी माझ्या शेजारी, अंधाऱ्या हॉलमध्ये निळा चष्मा लावून, म्हणजे त्यांना बहुधा काहीच दिसत नसावं. जुन्या कॅसेटी वाजल्या, क्वार्टर दिसलं, लग्नाचा फोटो दिसला तेव्हा हॉल हसला, माझा खांदा येऊन गेला तेव्हा मी एकट्याने टाळी वाजवली, बेतालच. मग तो शनिवार आला. मामाजी डबा घेऊन फाटकाबाहेर जातात. पडद्यावर उरते सतरंजी, तिच्यावर खंजिरी आणि तिघं. पहिलं कडवं संपतं. तिघं थांबतात.

आणि त्या थांबण्यात वाजलं. टक्. टक-टक्. डब्याच्या झाकणावर बोटं.

हॉलमध्ये कोणाला काही कळेना. पडद्यावर तर कोणी वाजवत नाहीये! मग माझ्या डोक्यात लख्ख पडलं. माईक! कुर्त्यातला माईक चालूच राहिला होता. मामाजी समोरच्या बागेच्या कठड्यावर जाऊन बसले होते आणि आपली ड्युटी करत होते, आणि त्या झोपाळू साउंडवाल्याने सगळं वेगळं पकडून ठेवलं होतं. झाकणावरची जागा संपली आणि तिघं उठले. दुसरं कडवं, पुन्हा जागा, पुन्हा झाकण! डोमाजी खुर्चीतून उठून ओरडला, "आयकले का? आयकले का बे!" राव उभे राहिले आणि त्यांनी पडद्याला हात जोडले. साहूजी दोन्ही हातांनी समोरच्या माणसाच्या खुर्चीवर मांदर वाजवायला लागले. शिट्ट्या, टाळ्या, हॉल नुसता पेटला. बायकोने माझा दंड इतका घट्ट धरला की वळ उठला. पुरा बाजा! चौघांचा, पुरा!

मी वळून पाहिलं. मामाजींनी चष्मा काढला होता. कपाळाला आठ्या, मान एका बाजूला. पुढचं झाकण वाजेपर्यंत ते हलले नाहीत. मग माझ्या कानाशी वाकले.

"जवाईबापू, हा डबेवाला कोन हाय? अर्धी मात्रा मांगं चालून राह्यला."

"मामाजी," मी म्हटलं, "ते तुम्हीच आहात."

त्यांनी पडद्याकडे पाहिलं. पुन्हा मान तिरकी करून ऐकलं.

"मंग बरोबर हाय," म्हणाले. "थे तिघं पुढं पळून राह्यले."